गुंजाळ सरांचं हिरवं डोकं

एसटीत बसण्याआधी गुंजाळ सर गाडीला एक पूर्ण चक्कर मारत. मागच्या टायरला चपलेच्या टोकानं डिवचत, डिझेलच्या टाकीखाली वाकून बघत आणि शेवटी ड्रायव्हरच्या खिडकीखाली उभं राहून त्याचे डोळे तपासत. याची झोप झाली आहे की नाही, हा त्यांचा मुख्य प्रश्न असे. शेवगाव डेपोचे जुने ड्रायव्हर त्यांना ओळखून होते. सर दिसले की एकजण वरूनच ओरडायचा, "सर, झोप झाली, चहा झाला, घरी भांडन बी न्हाई झालं. बसा आता!" सर तरीही चक्कर पुरी करत, मगच चढत आणि संकटकाळी बाहेर पडायच्या दाराशेजारची सीट धरत.

हॉटेलात पाण्याचा ग्लास आला की ते वेटरला विचारत, "तू पितोस का हे पाणी?" तो हो म्हणाला की, "मग पी बघू." लग्नाची पत्रिका आली की ती उलटसुलट करून म्हणत, "आपली आठवन कशी काय झाली यांना?" शाळेत ते इतिहास शिकवत आणि वर्गात त्यांचा एक शब्द ठरलेला असे: "पुरावा?" पोट दुखतंय म्हणणाऱ्या पोरालाही ते पुरावा मागत. मी त्यांचा विद्यार्थी. पुढे त्याच शाळेत मराठी शिकवायला लागलो आणि त्यांच्या शेजारीच घर बांधलं. वास्तुशांतीला सर आले, त्यांनी जेवण्याआधी सगळ्या भिंतींवर टिचक्या मारल्या आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "दत्ता, कॉन्ट्रॅक्टर कोन हुता?" एवढंच. त्यानंतर बरेच दिवस मी छताकडे बघत पडून राहायचो.

"संशय म्हंजे बिनपगारी वॉचमन हाय," ते म्हणत. "ठेवायला काय जातंय?" वर्गातली त्यांची भाषा पुस्तकी होती, पण घरी आणि रागात गावाकडची बोली यायची. त्यांचं आणखी एक वाक्य म्हणजे "बघून घ्यावं". औषध असो, सोयरीक असो की टोपलीतली वांगी, सगळ्याला हेच.

अशा माणसाचे डोळे निर्धास्त मिटायची जागा जगात एकच होती. एसटी स्टँडमागची रहमानभाईची खुर्ची. घरी दुपारी आडवे झाले तरी सरांचा एक डोळा अर्धा उघडा असतो, असं त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, सांगत. पण रहमानभाईनं गळ्याभोवती पांढरं कापड बांधलं, तोंडाला फेस लावला की सर घोरायला लागायचे. नरड्यावर वस्तरा फिरतोय आणि हा माणूस घोरतोय! रहमानभाई त्यांच्याच वयाचा. वडिलांनी काढलेलं दुकान तो चालवत होता आणि सरांची पहिली दाढी त्यानंच केली होती. मी एकदा सरांना चिडवलं, "इथं पुरावा नको का, सर?" ते हसले नाहीत. म्हणाले, "एखादी जागा ठेवावी लागती रे. न्हाई तर मानूस थकतं."

सरांचे केस पस्तिशीतच पांढरे झाले होते. नुसते पांढरे नाहीत, नुकत्याच वेचलेल्या कापसासारखे. ते त्यांनी कधी रंगवले नाहीत. "रंग लावनारा मानूस काहीतरी लपवतोय," असं ते माझ्या काळ्याभोर डोक्याकडे बघत म्हणत. रहमानभाईला त्या केसांचा कोण अभिमान! "सर, तुमचं डोकं म्हंजे माझ्या दुकानाची पाटी हाय," तो म्हणायचा. लांबून येणारं पांढरं डोकं दिसलं की लोक ओळखायचे आणि हातातली बिडी विझवायचे.

निवृत्तीनंतर सरांचे गुडघे बोलायला लागले. नगरच्या डॉक्टरांनी पोहायला सांगितलं. सरांनी आधी दुसऱ्या डॉक्टरांना विचारून घेतलं, मग तिसऱ्यांना. तिघांनीही तेच सांगितल्यावर त्यांना वाटलं, हे तिघं एकमेकांना ओळखत असणार. पण गुडघे काही ऐकेनात. त्याच सुमाराला नेवासा रोडला अंबादासनं पोहण्याचा तलाव सुरू केला होता. अंबादास डाळिंबाचा बागायतदार. बागेसाठी त्यानं शेततळं केलं, मग त्याला वाटलं, शेजारीच निळ्या टाइल लावून एक छोटा तलाव बांधला तर गावातली माणसं पोहायला येतील. सकाळी आम्ही दोघं माझ्या स्कूटरवर जायला लागलो.

पहिल्या दिवशी सर काठावर बसून नुसतं पाण्याकडं बघत राहिले. चुळकाभर घेऊन वास घेतला. क्लोरीनचा वास होता, त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. "क्लोरीन समजलं," ते अंबादासला म्हणाले. "पन हे एवढं नितळ कसं? खालच्या टाइलच्या रेघा मोजता येत्यात."

"आपल्या पान्यात शेवाळाचा एक धागा दाखवा, सर," अंबादास छाती काढून म्हणाला. "बक्षीस देतो."

"म्हंजे काहीतरी टाकतोस."

"सगळेच टाकत्यात की, सर."

हे उत्तर सरांना अजिबात आवडलं नाही. पण अंबादासचा पांढरा कुत्रा, मोती त्याचं नाव, धावत आला आणि सरळ पाण्यात उडी मारून एका काठावरून दुसऱ्या काठाला पोहत गेला. सरांनी त्याला बाहेर निघून अंग झाडताना नीट पाहिलं. कुत्र्याला काही झालं नाही, तेव्हा सर पाण्यात उतरले. पुढं त्यांना पोहण्याची इतकी गोडी लागली की मी आजारी पडलो तरी ते रिक्षानं जाऊ लागले. गुडघे हलके झाले आणि घरातल्या जिन्यावर ते कठडा न धरता चढायला लागले.

एक दिवस सकाळी अंगणात उन्हाला बसलेल्या सरांच्या डोक्याला काकू तेल लावत होत्या. त्या एकदम थांबल्या. "अहो," त्या म्हणाल्या, "पितळेच्या पातेल्यात ताक कळकावं तसं दिसतंय तुमचं डोकं." मला हाक मारली. मी कुंपणावरून वाकून बघितलं. कापसाला हिरवट झाक आली होती. सावलीत कळत नव्हतं, पण उन्हात मान वळवली की स्पष्ट दिसायचं. सरांनी आरसा मागवला, मग दुसरा आरसा मागवला, कारण पहिल्या आरशावर त्यांचा भरवसा नव्हता.

मग तपास सुरू झाला. साबण बदलला. काकूंच्या तेलाच्या बाटलीचं बूच उघडून वास घेतला, तेव्हा काकू म्हणाल्या, "घाला की मलाच तुरुंगात." बोअरचं पाणी बंद करून नळाचं घेतलं. मी त्यांना दिलेल्या नव्या टॉवेलकडेही त्यांनी दोन दिवस वाकड्या नजरेनं पाहिलं. तलावाचाही विचार झाला. पण मी त्याच पाण्यात डुंबत होतो आणि माझं डोकं काळं ते काळंच. त्याच्यावर रंगाचे किती थर होते हे सरांना ठाऊक होतं, तरी ते त्यांच्या ध्यानात आलं नाही. हिरवेपणा मात्र दर आठवड्याला वाढत होता.

आणि मग त्यांना आठवलं की रहमानभाई हल्ली दाढीनंतर डोक्याला एक नवं थंड तेल चोळतो. हिरव्या रंगाचं, त्याची बाटली आरशापुढं दिसायची. चोळतो म्हणजे चोळत असावा, कारण त्या वेळी सर झोपलेले असत.

"डोळे मिटलेले हुते माझे," ते मला म्हणाले. त्या वाक्यानं त्यांना किती त्रास झाला ते मी पाहिलं. आयुष्यात एकाच ठिकाणी बघून घेतलं नाही आणि घात तिथंच झाला, असं त्यांना वाटायला लागलं. मी म्हणालो, "सर, असं काही नसेल." ते म्हणाले, "पुरावा?"

रविवारी सकाळी ते दुकानात गेले. मीही बाकावर नंबर धरून बसलो होतो, दुकान भरलेलं होतं. रहमानभाईनं नेहमीसारखं कापड बांधलं, एका गालाला फेस लावला. सरांनी डोळे मिटले नाहीत. आरशातून त्याच्याकडं बघत त्यांनी विचारलं, "रहमान, मला झोप लागल्यावर तू डोक्याला काय लावतोस?"

रहमानभाईला आधी गंमत वाटली. मग त्यानं आरशात सरांचे डोळे पाहिले आणि त्याच्या हातातला ब्रश तसाच राहिला.

"सर," तो हळू आवाजात म्हणाला, "इतकी वर्सं तुमच्या नरड्यावर माझा वस्तरा हुता. मला काय करायचंच आसतं..." त्यानं सरांच्या गळ्याचं कापड सोडलं, घडी घालून बाजूला ठेवलं आणि म्हणाला, "आज ऱ्हाऊ द्या."

एका गालाला फेस तसाच ठेवून सर दुकानातून बाहेर पडले आणि एसटी स्टँडवरून, बाजारपेठेतून घरी आले. ज्यांनी पाहिलं त्यांनी विचारलं, आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांना इतरांनी सांगितलं.

संध्याकाळी चहाच्या टपरीवर एकजण हसत म्हणाला, "सर, एवढ्या रंगांत त्याला हिरवाच बरा सापडला?" बाकीचे हसले. सर हसले नाहीत. त्यांनी त्या माणसाकडं कॉपी करणाऱ्या पोराकडं बघावं तसं बघितलं आणि चहा अर्धा सोडून उठले. पण ते वाक्य काही टपरीवर राहिलं नाही. दोन दिवसांत कुणीतरी देवळाच्या रांगेत सरांच्या डोक्याचा मागून फोटो काढला आणि तो मोबाईलवरून गावभर फिरला. खाली लिहिलं होतं की दाढी कुणाकडं करायची याचा आता तरी विचार करा. माझ्याही मोबाईलवर तो आला. ज्यानं पाठवला तो एरवी मला फक्त सकाळची फुलं पाठवायचा.

रहमानभाईच्या बाकावरची गर्दी विरळ झाली. रविवारीसुद्धा खुर्ची रिकामी दिसायला लागली. मग एका संध्याकाळी चौकातली तीन पोरं सरांच्या घरी आली. त्यांतला पुढारी मोबाईल सरांच्या तोंडासमोर धरून म्हणाला, "सर, तुमी फक्त येवढंच बोला. त्यानं काय केलं ते. बाकीचं आमी बघतो."

"बाकीचं म्हंजे काय?" सरांनी विचारलं.

"ते आमच्यावर सोडा."

"पुरावा काय हाय तुमच्याकडं?"

"तुमचं डोकंच पुरावा हाय की, सर!" पोरगं हसलं.

सर उठून उभे राहिले. मला वाटलं, ते आता वर्गातल्यासारखे ओरडतील. पण ते अगदी सावकाश बोलले. "हे बघा. माझा संशय माझा हाय. त्यो मी कुनाला वापरायला देत न्हाई. मोबाईल खाली घ्या आन् निघा." पोरं गेली, पण जाताना पुढाऱ्यानं मागं वळून सरांच्या डोक्याकडं बघितलं. त्या नजरेचा मला आजही भरवसा वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी मी रहमानभाईच्या दुकानावरून जात होतो. शटर अर्धं खाली होतं. आत तो भिंतीवरचा मोठा आरसा उतरवून गोधडीत गुंडाळत होता. "संभाजीनगरला मेव्हन्याचं दुकान हाय," तो म्हणाला. "तिकडं मला कोन वळखत न्हाई. वळखत न्हाईत त्ये बरं." मी सरांना हे सांगितलं. त्या रात्री काकूंच्या म्हणण्याप्रमाणे त्यांचे दोन्ही डोळे उघडे होते.

सकाळी ते माझ्याबरोबर तलावावर आले, पण उतरले नाहीत. काठावर पाय सोडून बसले. एकच गोष्ट त्यांना कोड्यात टाकत होती. रहमानभाईकडं जाणं बंद होऊन महिना होत आला होता, दाढी ते घरीच खरवडत होते आणि तरीही डोकं जास्तच हिरवं होत होतं. मोती पोहून बाहेर आला, त्यांच्याशेजारी उभा राहिला आणि सगळं अंग झाडलं. सर ओले झाले. त्यांनी चष्मा पुसला, परत लावला आणि उन्हात उभ्या असलेल्या कुत्र्याकडं बघत राहिले. कुत्र्याची शेपटी, कान आणि हनुवटीखालची लव हिरवट झाली होती. पांढऱ्या कुत्र्याला रोज बघूनही ते आमच्यापैकी कुणाला दिसलं नव्हतं.

"अंबादास!" सरांनी हाक मारली. "ह्या कुत्र्याची हजामत कोन करतं?"

अंबादासला प्रश्न कळेना. "कुत्र्याची? कुनीच न्हाई, सर."

"मग त्याला हिरवं तेल कुनी लावलं? पान्यात काय टाकतोस तू?"

अंबादासनं काहीही न लपवता दाखवलं. तलावाच्या कोपऱ्यात पाण्याखाली दोरीनं बांधलेली गोणपाटाची एक पुरचुंडी होती. ती त्यानं वर ओढली. आत निळे खडे होते. मोरचूद. "शेततळ्यात टाकतो तसंच की, सर. शेवाळ जवळ येत न्हाई. डाळिंबावर बी हेच मारतो चुन्यात कालवून. झाडाला काय हुत न्हाई, मग मानसाला काय व्हनार?" शेततळ्याला किती टाकायचं हे त्याला माहीत होतं, तेवढंच तो इथंही टाकत होता. जरा जास्तच, कारण इथं गिऱ्हाईक होतं.

"मोरचूद म्हंजे तांबं," सर म्हणाले. "जमिनीतून तांब्याची जुनी शिवराई निघते ती हिरवी का असते, हे मी तुला नववीत शिकवलंय, गाढवा." पाण्यातलं ते तांबं केसात जाऊन बसत होतं. क्लोरीन त्याला मदत करत होतं. काळ्या डोक्यांवर ते दिसत नव्हतं आणि त्या तलावात पांढरी डोकी दोनच होती, सर आणि मोती.

पण ते गुंजाळ सर होते. त्यांनी कॅनभर पाणी घरी आणलं. काकूंच्या पांढऱ्या वेणीचं टोक कापून घेतलं. "माझी वेनी तेवढी राहिली हुती," काकू म्हणाल्या, पण कात्री त्यांनीच आणून दिली. अर्धे केस तलावाच्या पाण्यात, अर्धे नळाच्या पाण्यात, अशा लोणच्याच्या दोन बरण्या ओट्यावर उन्हात ठेवल्या. दरम्यान सरांनी मला रहमानभाईकडं पाठवलं. "आरसा आठवडाभर उतरवू नको म्हनावं. जास्त काही सांगू नको." मी सांगितलं. रहमानभाई म्हणाला, "आरसा उतरलेलाच हाय, दत्ताभाऊ." तरी तो थांबला.

तलावाच्या पाण्यातले केस हिरवे झाले, नळाच्या पाण्यातले पांढरेच राहिले. त्या दिवशी बाजारवार होता. सर अंबादासकडं गेले, मोतीच्या गळ्याला सुतळी बांधली आणि त्याला घेऊन भर बाजारातून निघाले. टोपी घातली नाही. एका हातात सुतळी, दुसऱ्या हातात बरणी. ज्या रस्त्यानं ते फेस लावून घरी आले होते त्याच रस्त्यानं उलट दिशेला चालले. भाजीवाल्या बायका हसायला लागल्या. माणसं थांबली. टपरीवर तो हिरव्याची गंमत सांगणारा बसला होता. त्याच्यासमोर सर थांबले आणि म्हणाले, "कुत्रं बघून घे. त्याचा बी फोटो काढ." अंबादास मागून येऊन ज्याला त्याला सांगत होता, "मी टाकलं हुतं, माझं चुकलं. पानी बदललंय." मी त्या दिवशी सरांच्या मागून चालत होतो आणि मला त्यांचा फार अभिमान वाटत होता.

दुकानात रहमानभाई एकटाच बसला होता. सरांनी बरणी त्याच्यासमोर ठेवली. कुत्रा खुर्चीखाली जाऊन बसला. "रहमान," सर म्हणाले, "माझं चुकलं." मग खुर्चीत बसले आणि म्हणाले, "सगळं काढ."

रहमानभाईनं गोधडी सोडली, आरसा परत भिंतीवर लावला. मला वाटलं आता सगळं पहिल्यासारखं होईल. त्यानं कापड बांधलं. मग साबणाची वडी सरांच्या डोळ्यांसमोर धरली. "बघून घ्या, सर," तो म्हणाला. पाण्याची वाटी दाखवली. "बघून घ्या." वस्तऱ्यात नवं पातं घालताना पाकीट दाखवलं. आवाजात राग नव्हता. गिऱ्हाइकाशी बोलावं तसा तो बोलत होता. सरांनी प्रत्येक वेळी बघितलं. त्यांचं डोकं गुळगुळीत झालं तेव्हा त्यांचे डोळे भरले होते, पण उघडे होते.

नंतर पांढरे केस परत आले, बाकावरची गर्दीही बरीचशी परत आली. सर दर रविवारी जात राहिले. आणि दर रविवारी रहमानभाई प्रत्येक बाटली उघडून त्यांच्यासमोर धरायचा: "बघून घ्या, सर." त्या खुर्चीत सर पुन्हा कधी झोपले नाहीत. एकदा परत येताना ते मला म्हणाले, "त्याचं बरोबर हाय."

गेल्या वर्षी सरांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. घरी आणलं तेव्हा दाढी वाढलेली होती. काकू म्हणाल्या, "हे असं मला बघवत न्हाई. रहमानला बोलवा." तो पेटी घेऊन आला. पलंगाशेजारी बसला, सरांच्या मानेखाली उशी सारली, कापड पसरलं. मग सवयीनं साबणाची वडी काढून त्यांच्यासमोर धरली. "बघून घ्या, सर."

सरांनी त्याच्याकडं पाहिलं. डावा हात सावकाश उचलला आणि रहमानभाईचा साबण धरलेला हात बाजूला सारला. मग डोळे मिटले.

रहमानभाईनं दाढी केली. नेहमीपेक्षा फार वेळ लावला. त्यानंतर आठवडाभरात सर गेले.

सरांनी त्या दिवशी मुद्दाम डोळे मिटले की औषधाच्या गुंगीत त्यांना झोप लागली, याबद्दल माझ्या मनात संशय आहे. तो त्यांनीच मला दिलेला आहे. परवा दुकानात मी रहमानभाईला विचारलं. तो माझ्या गालाला फेस लावत होता. "झोपले हुते की, दत्ताभाऊ," तो म्हणाला. "पहिल्यासारखं घोरत हुते. तुमी आईकलं न्हाई?"

मी पलंगाच्या पायथ्याशी बसलो होतो. खोलीत वस्तऱ्याच्या आवाजाशिवाय दुसरा आवाज नव्हता. पण मी रहमानभाईकडं पुरावा मागितला नाही. त्यानं वस्तरा हातात घेतला आणि मी डोळे मिटले.